भाच्याला कांजिण्या आणि लेक केमोवर: आज काय करायचं?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ५ वर्षांची. एएलएल, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा रक्ताचा कर्करोग. मेंटेनन्सचा, म्हणजे केमोच्या शेवटच्या लांबलचक टप्प्याचा, आठवा महिना चालू आहे, रोज रात्री ६-एमपी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, या केमोच्याच गोळ्या. रविवारी माहेरी भावाच्या बाळाचं बारसं होतं. तिथे ती ६ वर्षांच्या भाच्याबरोबर दिवसभर खेळली आणि सोमवारी रात्री भाच्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या. आज बुधवार. मुलगी ठणठणीत आहे. गोळ्या थांबवू का? लस देऊ का? थोरला ९ वर्षांचा आहे, त्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही. शिवाय एरवीही तिला महिन्याला एक सर्दी ठरलेली, दर वेळी धावत यायचं का?

ताई, आधी फोन करा. पुढचं नंतर वाचा. तुमच्या केमोच्या वॉर्डात एवढंच सांगा: "मेंटेनन्सवरची मुलगी, रविवारी कांजिण्यांचा संपर्क, अजून पुरळ नाही." पुढच्या ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. मुलगी ठणठणीत आहे म्हणून थांबू, असं बहुतेक घरांत होतं. पण जे करण्यासारखं आहे ते ती ठणठणीत असतानाच करायचं असतं.

संपर्क झाला की नाही, याबद्दल शंका ठेवू नका. कांजिण्या पुरळ उठायच्या १-२ दिवस आधीपासूनच पसरायला लागतात, आणि त्या हवेतून पसरतात. एकाच खोलीत पंधराएक मिनिटं घालवली तरी आम्ही तो संपर्क धरतो. भाच्याला सोमवारी पुरळ आलं, म्हणजे रविवारी तो पसरवतच होता. आणि दोघं तर दिवसभर एकत्र होते.

आता कॅलेंडर घ्या आणि रविवारवर शून्य लिहा. पहिल्या ४ दिवसांत, फार तर दहाव्या दिवसापर्यंत, कांजिण्यांविरुद्धची तयार प्रतिपिंडं टोचता येतात. त्याला व्हीझिग म्हणतात. ते लवकर दिलेलं चांगलं, पण आपल्याकडे ते महाग आहे आणि वेळेवर मिळेलच असं नाही. मिळालं नाही तर काही डॉक्टर आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातली सर्वसाधारण प्रतिपिंडं, शिरेतून) देतात, काही असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या देतात. असायक्लोव्हिर साधारणपणे सातव्या दिवशी, म्हणजे येत्या रविवारी, सुरू करून ७ दिवस देतात. लगेच का नाही, हे पालक हमखास विचारतात. विषाणू आधी घशाकडच्या गाठींत मुक्काम करतो आणि मग रक्तातून सगळीकडे उधळतो. त्या दुसऱ्या उधळणीच्या वेळी औषध रक्तात हजर हवं. तुमच्या मुलीला यातलं काय द्यायचं ते तिचे काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) आणि तिची फाइल पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. डोस व्हॉट्सॲपवर कुणाकडून विचारून घेऊ नका.

दहाव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत रोज आंघोळीच्या वेळी तिचं अंग नीट पाहायचं. टाळू, केसांतली त्वचा, पोट, पाठ, तोंडाच्या आत. प्रतिपिंडं दिली असतील तर ही मुदत अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लांबते. आणि आठव्या दिवसापासून, म्हणजे येत्या सोमवारपासून, ती स्वतः इतरांना धोक्याची असू शकते असं धरायचं. त्या काळात रुग्णालयात यावं लागलं तर निघतानाच फोन करा, गाडीतच थांबा आणि कुठल्या दाराने यायचं ते विचारा. केमोच्या ओपीडीत बाकावर बसलेली दुसरी वीस मुलं तुमच्याच मुलीसारखी आहेत. ही एक गोष्ट मला पालकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

पुरळाआधीच्या एका लक्षणाबद्दल सांगतो, कारण त्यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मेंटेनन्समधला ७ वर्षांचा मुलगा पोटात आणि पाठीत कळा येतात म्हणून आला. पोट हाताला मऊ लागत होतं, ताप नव्हता. आठवड्यापूर्वी विन्क्रिस्टिन हे केमोचं इंजेक्शन झालं होतं, आणि विन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होतं हे आम्हाला झोपेतही ठाऊक असतं. मी लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ होण्याचं औषध, वाढवलं. दुसऱ्या दिवशी त्याचे एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा दाखवणारा आकडा, हजाराच्या वर गेले, तिसऱ्या दिवशी कपाळावर चार फोड आले. कांजिण्यांचा विषाणू त्वचेआधी यकृतात आणि आतड्यांत पोचला होता. आईला विचारल्यावर कळलं की शेजारच्या मुलीला तीन आठवड्यांपूर्वी "काहीतरी अंगावर उठलं होतं". मुलगा वाचला, पण अकरा दिवस आयसीयूत राहून. तेव्हापासून मेंटेनन्समधल्या मुलाच्या पोटात विनाकारण जोरात दुखलं की माझा पहिला प्रश्न असतो: गेल्या ३ आठवड्यांत आसपास कुणाला कांजिण्या? तुम्हीही पुढचे ३ आठवडे हे ध्यानात ठेवा. पोटदुखी, पाठदुखी, दम लागणं, नुसती सुस्ती, यातलं काहीही झालं तरी पुरळाची वाट पाहायची नाही.

एवढा बाऊ कशासाठी, असं घरातली मोठी माणसं म्हणतील. "आमच्या सगळ्यांना झाल्या होत्या, कडुलिंबाचा पाला घातला, आठ दिवसांत बरे झालो." खरं आहे, निरोगी मुलाच्या बाबतीत. १९७५ साली अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने कर्करोग असताना कांजिण्या झालेल्या ७७ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी केमो चालू असलेल्या मुलांत जवळजवळ एक तृतीयांश जणांच्या फुप्फुस-यकृतापर्यंत आजार पोचला आणि सुमारे ७ टक्के मुलं दगावली. तेव्हा असायक्लोव्हिर नव्हतं. आज वेळेवर शिरेतून असायक्लोव्हिर सुरू झालं तर मुलं सहसा बरी होतात. गंमत म्हणजे तुमची लेक रोज रात्री घेते ती ६-एमपी आणि हे असायक्लोव्हिर, दोन्हींमागे गर्ट्रूड एलियन या बाईंचं आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं काम आहे. १९८८चं नोबेल त्यांना मिळालं. एका औषधाने ल्युकेमिया आटोक्यात ठेवायचा आणि त्यापायी अंगात शिरलेल्या विषाणूला दुसऱ्याने आवरायचं.

तर पुरळाचा एक जरी फोड दिसला तरी भरती. तोंडाने गोळ्या देऊन घरी बघू, असं या मुलांत करायचं नाही. असायक्लोव्हिर शिरेतून दर ८ तासांनी जातं, सोबत भरपूर सलाईन, कारण ते मूत्रपिंडात अडकू शकतं. ॲस्पिरिन अजिबात नाही, आयब्रुफेन आणि कॉम्बिफ्लामही नाही. कडुलिंबाचा पाला उशाला ठेवायला माझी हरकत नाही. फोडांवर चोळून लावायला मात्र आहे.

गोळ्यांचं. नुसता संपर्क झाला म्हणून आमच्याकडे ६-एमपी आणि मेथोट्रेक्सेट थांबवत नाहीत. पुरळ उठलं तर त्याच दिवशी थांबवतो. पण एक गोष्ट फोनवर न विसरता सांगा: पुढचं विन्क्रिस्टिन आणि त्याबरोबरचा ५ दिवसांचा स्टेरॉइडचा कोर्स कधी आहे. विषाणू अंगात वाढत असताना स्टेरॉइड पडलं तर कांजिण्या भयंकर रूप घेऊ शकतात. तो कोर्स या ३ आठवड्यांत येत असेल तर डॉक्टर बहुधा पुढे ढकलतील. हे पालकांनी न सांगितल्यामुळे राहून जातं. ओपीडीच्या गर्दीत चार्टवर तारीख दिसते आणि औषध दिलं जातं.

मुलीला आत्ता कांजिण्यांची लस देता येत नाही. ती जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. (ती जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४च्या सुमारास तयार केली. सुरुवातीच्या काळात ती ल्युकेमियाच्या मुलांनाही देऊन पाहिली होती, पण केमो थांबवून आणि फार जपून.) केमो संपल्यावर काही महिन्यांनी, काउंट सावरले की, जिवंत लसींचा विचार करता येतो.

थोरल्याला मात्र आज किंवा उद्या लस द्या. तोही रविवारी तिथेच होता ना? संपर्कानंतर ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत दिलेली लस आजार बऱ्याचदा टाळते किंवा सौम्य करते. आज तिसरा दिवस आहे. ही लस सरकारी लसीकरणात नाही, बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागेल. लस दिल्यावर त्याच्या अंगावर फोड आले तर त्याला बहिणीपासून वेगळं ठेवा. फोड नसतील तर वेगळं ठेवायची गरज नाही. लस घेऊनही त्याला कांजिण्या येऊ शकतात, म्हणून त्याचंही अंग रोज पाहा. घरात एकाच मोरीत, एकाच अंथरुणावर असलेल्या भावंडाकडून मिळणारा विषाणूचा डोस बाहेरच्या संपर्कापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता सर्दीचं. इथे माझा सूर वेगळा आहे. नाक गळतंय, थोडा खोकला आहे, ताप नाही, खेळते आहे, काउंट ठीक आहेत, तर धावत यायचं कारण नाही. या मुलांत सर्वांत जास्त सापडणारा श्वासाचा विषाणू म्हणजे साधा ऱ्हायनोव्हायरस. तो निरोगी मुलांपेक्षा जास्त दिवस रेंगाळतो, कधी कधी तपासणीत कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहतो, आणि तेवढंच. अशा सर्दीसाठी पालक आपल्या मनाने ६-एमपी आठ-आठ दिवस बंद ठेवतात, हे मला कांजिण्यांइतकंच धोक्याचं वाटतं. वर्षाला अशा सहा-सात सर्द्या झाल्या तर किती गोळ्या बुडाल्या ते तुम्हीच मोजा. मेंटेनन्सच्या गोळ्या चुकल्या की आजार उलटण्याची शक्यता वाढते. गोळी थांबवायचा निर्णय काउंट पाहून आम्ही घेऊ.

ताप आला की सगळंच बदलतं. काखेत थर्मामीटर लावून १००.४ फॅरनहाइट तासभर राहिला किंवा एकदा जरी १०१ दिसला, तर रात्रीचे २ वाजले असले तरी निघायचं. हात लावून ताप मोजू नका, आणि फोन करण्याआधी पॅरासिटामॉल देऊन तो झाकू नका. गावातले डॉक्टर म्हणतील, "व्हायरल चालू आहे, दोन दिवस बघू." शेजारच्या मुलासाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत तापामागे विषाणू आहे की रक्तातला जंतुसंसर्ग, हे वरून पाहून मलाही कळत नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली असतील तर जंतुसंसर्ग काही तासांत मूल नेऊ शकतो. म्हणून आम्ही पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतो, मग शोध घेतो. नाकाच्या नमुन्यात विषाणू सापडला तरी अँटिबायोटिक लगेच बंद करत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जे सेप्ट्रान देता ते एका विशिष्ट बुरशीच्या न्यूमोनियासाठी आहे, विषाणूंवर त्याचा काही उपयोग नाही. "सेप्ट्रान चालू आहे, मग ताप कसा आला?" हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.

फ्लूची टोचायची लस तिला देता येते आणि द्यावी. ती जिवंत नसते. नाकात फवारायची असते ती नको. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून मे महिन्यात घरातल्या सगळ्यांनी घ्या, आजीसकट. फ्लू झालाच तर ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं बरं. कोविडबद्दल सुरुवातीला आम्हीही धास्तावलो होतो. नंतर ४५ देशांतल्या, कर्करोग असलेल्या १३१९ मुलांची माहिती एकत्र आली, त्यात कोविडमुळे ३.८ टक्के मुलं गेली. भीती होती तेवढं नाही, पण निरोगी मुलांच्या मानाने पुष्कळच. आणि निम्म्याहून अधिक मुलांच्या केमोत बदल करावा लागला, हा भाग फारसा कुणी बोलत नाही.

कांजिण्यांइतकीच घाई करायला लावणारा दुसरा आजार म्हणजे गोवर. २०२२च्या अखेरीस गोवंडीत आणि मुंबईच्या इतर भागांत साथ आली होती, ती आठवत असेल. लहानपणी दिलेल्या लसीचं संरक्षण केमोमुळे ओसरतं, त्यामुळे "तिला एमआर (गोवर-रुबेलाची लस) दिली होती" यावर विसंबू नका. या मुलांत गोवराचं पुरळ कधी कधी उठतच नाही, थेट न्यूमोनिया होतो; क्वचित बरं झाल्यावर काही आठवडे-महिन्यांनी मेंदूला सूज येते. संपर्कानंतर ६ दिवसांच्या आत प्रतिपिंडं देता येतात. म्हणजे इथेही आधी फोनच.

पार्व्हो बी-१९ नावाच्या विषाणूने मात्र जिवाला धोका कमी आणि मनस्ताप फार होतो. मेंटेनन्स सुरळीत चालू असतं आणि अचानक हिमोग्लोबिन ५ वर येतं, रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने बनलेल्या लाल पेशी, जवळजवळ शून्य. आईबापांच्या मनात एकच शब्द येतो: रिलॅप्स, कर्करोग उलटला. माझ्याही मनात येतो, खोटं कशाला सांगू. बोन मॅरोची तपासणी केली तर ब्लास्ट, म्हणजे कर्करोगाच्या पेशी, नसतात, लाल पेशींची सुरुवातीची अवस्था मात्र अवाढव्य फुगलेली दिसते. हा विषाणू लाल पेशींच्या जन्मस्थानीच बसतो. रक्त चढवतो, कधी आयव्हीआयजी देतो, आणि गाडी रुळावर येते. नावातला बी-१९ हा कुठला वैज्ञानिक संकेत नाही, बरं का. १९७५ साली ज्या नमुन्यात तो सापडला तो बी पाटीवरचा १९ नंबरचा नमुना होता.

तसाच गोंधळ पावसाळ्यात डेंग्यू घालतो. प्लेटलेट ३० हजार, पांढऱ्या पेशी कमी; आजार उलटला, औषध जास्त झालं की डास चावला? पहिल्या ५ दिवसांत एनएस-१ तपासणीचा आधार असतो, ती विषाणूचंच प्रथिन शोधते. आयजीएम निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाही असं या मुलांत म्हणता येत नाही, कारण ती तपासणी शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती बनवणाऱ्या पेशी केमोने दमलेल्या असतात. उलटही होतं: नुकतंच रक्त किंवा आयव्हीआयजी दिलं असेल तर आयजीजी (जुन्या, टिकाऊ प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्ह येतो, आणि तो दात्याचा उसना असतो. म्हणून बाहेरच्या लॅबमध्ये केलेल्या "कांजिण्यांच्या आयजीजी"वर निर्धास्त होऊ नका. यांच्यात थेट विषाणू शोधणारी पीसीआर जास्त कामाची. पपईच्या पानांचा रस नको. गुळवेलही नको: कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आहे, आणि तुमच्या मुलीच्या यकृतावर आधीच दोन औषधांचा भार आहे.

लसींबाबत दोन गोष्टी, ज्या गावाकडे हमखास चुकतात. पल्स पोलिओला बूथवरची ताई दारात आली की या मुलीला थेंब देऊ द्यायचे नाहीत, आणि ५ वर्षांखालचं भावंड घरात असेल तर त्यालाही नाहीत. तो जिवंत विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. त्या भावंडाला टोचायची पोलिओ लस द्या. बूथवरच्या ताईला नम्रपणे नाही म्हणा, फाइल दाखवा, ती समजून घेते. दुसरं, काविळीची हेपॅटायटिस ए लस आपल्याकडे दोन प्रकारची मिळते, एक मृत आणि एक जिवंत. दुकानातून आणताना नाव तपासा. मुलीसाठी जिवंत नको.

शाळेत तिला पाठवा. फक्त बाईंना सांगून ठेवा की वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर झाला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन यायला हवा. घरभर दिवसातून चार वेळा फिनेल आणि तिच्या खेळण्यांवर सॅनिटायझर, हे सोडून द्या. बाहेरून आलेल्याने साबणाने हात धुणं आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला "पुढच्या आठवड्यात या" म्हणणं, यात जास्त फायदा आहे. ते म्हणायला जड जातं, हे मला माहीत आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय की वहिनी रडते आहे आणि सासूबाई तिला बोल लावतायत. रविवारी तिच्या मुलाच्या अंगावर एक ठिपकाही नव्हता. तिला कळायला मार्गच नव्हता. उलट तिने सोमवारी रात्रीच तुम्हाला फोन केला म्हणून आज आपल्या हातात वेळ आहे. तिला आज एक विचारा: तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या असतील तर तिच्या तान्ह्या बाळाला पोटातूनच थोडं संरक्षण मिळालेलं आहे. झाल्या नसतील, तर घरात तुमचा भाचा आजारी असताना ते बाळही धोक्यात आहे आणि त्याच्या डॉक्टरांना आजच कळायला हवं. या गडबडीत त्या बाळाचा विचार कुणी केलेला दिसत नाही.